गावभागातील घरासाठी रास्पबेरी पाय: प्रकल्प नोंदी (जानेवारी ते जून २०२४)

६ जानेवारी २०२४

सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घरासाठी रास्पबेरी पाय हा एकाच पट्टीवर (बोर्डावर) मावणारा छोटा संगणक बसवावा, असे गेले वर्षभर मनात होते. आज त्याची कामे ठरली, म्हणून ही पहिली नोंद. घर दुमजली आहे. आई तेथे एकटी राहते. मी विश्रामबागेत राहतो आणि शनिवार-रविवारी जातो. धाकटी बहीण मिरजेत असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात, एवढे सांगितले की आमच्या खालच्या मजल्याचे काय झाले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले फोटोंचे अल्बम दोन दिवस पाण्यात होते. जे फोटो सुटे करता आले ते वर्तमानपत्राच्या कागदांत वाळवून ठेवले आहेत. वडिलांच्या तरुणपणीचे बहुतेक फोटो त्यांतच आहेत.

कामे दोन. पहिले, हे सर्व फोटो स्कॅन करून अशा रीतीने जपून ठेवणे की पुन्हा पूर आला तरी ते जाऊ नयेत. दुसरे, गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी पाहून मोटर आपोआप चालू-बंद करणे. नगरपालिकेच्या काळापासून आमच्याकडे पाणी आधी जमिनीखालच्या हौदात येते आणि तेथून अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरने वर चढवावे लागते. आई मोटर लावते आणि टाकी वाहू लागल्याचा आवाज आला की बंद करायला उठते. तिचे गुडघे आता त्या उठबशीला तयार नाहीत.

मी बेत सांगितला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: “अरे, हे बंद पडलं तर मी मोटर कशी लावू, तेवढं आधी सांग.” हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि पुढे जे काही जोडायचे ते या प्रश्नाला उत्तर देऊनच जोडायचे असे ठरवले आहे.

१४ जानेवारी

बोर्ड आला. रास्पबेरी पाय ४ हा प्रकार, दोन गिगाबाइट मेमरीचा. गेल्या ऑक्टोबरात रास्पबेरी पाय ५ बाजारात आला आहे आणि त्याचा वेग पुष्कळ जास्त आहे; परंतु त्याला पूर्ण क्षमतेसाठी पाच व्होल्टचा पाच अँपिअरचा पुरवठा लागतो, तो तापतोही अधिक, आणि आमच्या दोन कामांत वेगाची अडचण कोठेच नाही. टाकीची पातळी मिनिटातून दोनदा मोजायला आणि रात्री फायली उतरवून घ्यायला २०१९ मध्ये आलेला हा बोर्ड भरपूर झाला.

हातात घेतल्यावर त्याचा आकार खरोखर जाणवतो. ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी. एका टोकाला यूएसबीची चार तोंडे, त्यांतील निळी दोन वेगवान. शेजारी नेटवर्कच्या तारेचे तोंड. लांब बाजूला विजेसाठी सी प्रकारचे यूएसबी आणि पडद्यासाठी दोन मायक्रो एचडीएमआय. वायफाय आणि ब्लूटूथ पट्टीवरच आहेत. मधोमध धातूच्या टोपीखाली चार गाभ्यांचा १.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. हार्ड डिस्क नाही. मेमरी कार्ड पट्टीच्या पाठीमागील खाचेत बसते आणि संगणक चालवणारी सगळी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) त्यावरच राहते.

मला ज्या कारणासाठी हा बोर्ड हवा होता ते मात्र दुसऱ्या लांब बाजूला आहे: वीस-वीसच्या दोन ओळींत उभ्या असलेल्या चाळीस पिना. घरातल्या नेहमीच्या संगणकाला दिवा, सेन्सर किंवा रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) थेट जोडता येत नाही, येथे येतो. पहिली पिन ३.३ व्होल्टची, दुसरी आणि चौथी पाच व्होल्टची, सहावी अर्थिंगची, आणि बाकीच्यांतील बहुतेक पिना प्रोग्रॅमने हलवता किंवा वाचता येतात. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत, त्यांवर पाच व्होल्ट दिले तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. आणि त्यांना फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते, मधला चढउतार मोजायचा तर वेगळी चिप लावावी लागते.

डेबियन लिनक्सवर आधारलेली रास्पबेरी पाय ओएस ही प्रणाली लॅपटॉपवरून कार्डावर उतरवली. कार्ड लिहिण्याआधीच वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि वायफाय भरून ठेवता येते, त्यामुळे बोर्डाला पडदा किंवा कीबोर्ड लावावाच लागला नाही. पूर्वी प्रत्येक बोर्डावर तेच ठरावीक नाव आणि तोच ठरावीक पासवर्ड येत असे. २०२२ पासून ती पद्धत बंद झाली, हे फार योग्य झाले. ज्यांनी जुनी कार्डे अजून वापरात ठेवली आहेत त्यांनी पासवर्ड आजच बदलावा.

२१ जानेवारी

आठवडाभरात बोर्ड तीनदा आपोआप पुन्हा सुरू झाला. टीव्हीला जोडून पाहिले तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकून जात होती. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही खूण येते. घरातला मोबाइलचा चार्जर चांगला होता, त्यावर पाच व्होल्ट तीन अँपिअर असेच छापलेले होते; दोष तारेत निघाला.

कागदावर मांडून पाहिले. स्वस्त यूएसबी तारेत बहुधा २८ गेजची तार असते, तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटर जाऊन एक मीटर परत, म्हणजे ०.४२ ओहम. बोर्डाने एक अँपिअर ओढला की तारेतच ०.४२ व्होल्ट गळतात आणि बोर्डापर्यंत ४.५८ पोहोचतात. मोबाइलला याचे काही वाटत नाही, तो सावकाश चार्ज होतो; संगणक मात्र त्या क्षणी अडखळतो. याच बोर्डासाठी मिळणारा ५.१ व्होल्टचा, जाड आणि जोडलेल्या तारेचा अडॅप्टर घेतला आणि आठवडाभराचा त्रास संपला. या कामात नव्याने पडणाऱ्या कोणालाही माझे हेच सांगणे राहील की बोर्डावर पैसे वाचवा, परंतु पुरवठ्यावर वाचवू नका.

वीज मीटरवर बोर्ड स्वस्थ असताना सुमारे तीन वॉट दिसले. महिन्याला दोन-सव्वादोन युनिटे होतात. जुना डेस्कटॉप हेच काम साठ वॉटवर करीत राहिला असता तर त्रेचाळीस युनिटे गेली असती.

४ फेब्रुवारी

टाकीकडे वळलो. संगणक पहिल्या मजल्यावरील कपाटात आहे आणि टाकी गच्चीवर. मध्ये पंधरा मीटर तार ओढावी लागली असती, आणि सेन्सरचा नाजूक ठोका (विजेचा क्षणिक संकेत) एवढ्या लांब तारेतून नीट येत नाही. म्हणून जिन्याच्या वरच्या खोलीत दुसरा, अगदी लहान बोर्ड ठेवला: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू. हा फक्त ६५ बाय ३० मिलिमीटरचा आहे, मेमरी ५१२ मेगाबाइट, आणि २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत १५ डॉलर होती. याचे वायफाय केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आहे, पण जुन्या जाड भिंतींतून तेच अधिक लांब पोहोचते.

पातळी मोजण्यासाठी ध्वनीचा सेन्सर घेतला, पाण्याच्या वाफेने खराब न होणारा. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि पाण्यावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते एका ठोक्याच्या लांबीने सांगतो. एक सेंटिमीटर अंतरासाठी जाण्या-येण्याचे सुमारे ५८ मायक्रोसेकंद धरायचे. त्याचा ठोका पाच व्होल्टचा असतो, म्हणून मध्ये एक किलोओहम आणि दोन किलोओहम असे दोन रोध लावून तो ३.३३ व्होल्टवर आणला. हे दोन रोध रुपया-दोन रुपयांचे आहेत आणि त्यांच्यावाचून बोर्ड टिकत नाही.

या सेन्सरला पंचवीस सेंटिमीटरच्या आतले दिसत नाही. आमची टाकी भरते तेव्हा पाणी झाकणापासून अठरा सेंटिमीटरवर असते. म्हणून झाकणावर पाइपचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा उभा बसवून सेन्सर त्याच्या डोक्यावर चढवला.

११ फेब्रुवारी

टाकी रिकामी असो वा अर्धी, आकडा सतत ४६ च सांगत होता. दुपारभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. शेवटी झाकण काढून टॉर्चने आत पाहिले तेव्हा उलगडा झाला: पाणी भरणाऱ्या पाइपाचा कोपरा बरोबर ४६ सेंटिमीटरवर आडवा आला होता आणि प्रतिध्वनी त्याच्यावरूनच परतत होता. सेन्सर झाकणाच्या विरुद्ध बाजूला सरकवला आणि पाणी दिसू लागले.

तरीही आकडे एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे उडत होते. लिनक्स एकाच वेळी अनेक कामे पाहत असतो, त्यामुळे ठोक्याची लांबी मोजताना मध्येच दुसरे काम शिरले की मोजमाप चुकते. मी आता एका वेळी अकरा मोजमापे घेतो, त्यांना क्रमाने लावतो आणि मधले तेवढे ठेवतो. सरासरी घेण्यापेक्षा हे चांगले, कारण एखादा वेडावाकडा आकडा सरासरीला ओढून नेतो, मधल्या आकड्याला हलवू शकत नाही.

टाकीचा आतील व्यास १०४ सेंटिमीटर भरला. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर चढली की साडेआठ लिटर पाणी आले. हा हिशेब पुढे फार उपयोगी पडणार आहे.

१८ फेब्रुवारी

आज मोटरची जोडणी झाली. हे काम मी एकट्याने केले नाही. आमच्याकडे वीस वर्षे येणारे वायरमन आले होते. पुरानंतर मोटरचे बटण त्यांनीच खालून काढून पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी आणले होते. त्यांनी सगळे पाहून घेतले आणि म्हणाले, “तुमचा बोर्ड तुम्ही बघा, पण काकूंच्या हाताला जे बटण माहीत आहे ते हलवायचं नाही.” आईचा प्रश्न आणि त्यांची अट एकच होती.

अशा बोर्डांसाठी मिळणाऱ्या छोट्या रिलेवर दहा अँपिअर लिहिलेले असले तरी मोटर सुरू होताना तिच्या चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर ओढते आणि रिलेचे टोक चिकटून बसू शकते. म्हणून रिले मोटरला जोडलेला नाही; तो फक्त कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या स्विचच्या, कॉइलला वीज देतो आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर सांभाळतो. शेजारी तीन जागांचा फिरता स्विच बसवला: ‘हाताने’, ‘बंद’, ‘आपोआप’. ‘हाताने’ या जागेवर संगणकाचा काही संबंध उरत नाही, आईचे जुने बटण पूर्वीसारखेच चालते.

आणखी एक गोष्ट वायरमननी सुचवली आणि मला ती सर्व योजनेतील सर्वांत मोलाची वाटते. टाकीत वरच्या अंगाला साधा फ्लोट स्विच सोडला आणि त्याची तार कॉइलच्या मार्गातच, ओळीने जोडली. टाकी भरली की तरंगणारा फुगा उलटतो आणि कॉइलची वीज तुटते, मग बोर्ड काहीही म्हणत असो. दोनशे-तीनशे रुपयांच्या त्या फुग्याला ना प्रोग्रॅम लागतो ना वायफाय.

रिलेने दोनदा गोंधळ घातला. बोर्ड सुरू होताना तो एकदा ‘टक्’ करून लागत असे. हा रिले पिन शून्यावर गेली की लागतो, आणि पिन बाहेर जाणारी आहे असे प्रोग्रॅमने जाहीर केले की ती आधी क्षणभर शून्यावरच जाते. जाहीर करतानाच तिची आरंभीची स्थिती वरची ठरवून दिली आणि तो आवाज थांबला. दुसरे, रिले सुटल्यावरही त्याचा लाल दिवा मंद जळत राहिला, कारण रिले ज्या पट्टीवर बसतो त्या मॉड्यूलला पाच व्होल्ट होते आणि पिन ३.३ पर्यंतच चढत होती. मॉड्यूलवरची छोटी जोडपट्टी काढून रिलेच्या कॉइलला पाच व्होल्ट आणि सिग्नलच्या बाजूला ३.३ व्होल्ट असे वेगळे दिले.

२९ फेब्रुवारी

२०१२ मध्ये याच तारखेला पहिला रास्पबेरी पाय विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ मेगाबाइट, वेग ७०० मेगाहर्ट्झ आणि पिना सव्वीस. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणारी मुले संख्येने आणि तयारीनेही कमी होत चालली आहेत, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले; घरचा संगणक मुलाला उघडता, बिघडवता आणि पुन्हा उभा करता यावा एवढा स्वस्त असावा, असा त्यांचा हेतू होता. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या शाळांत बीबीसी मायक्रो नावाचा संगणक होता, त्याची ‘ए’ आणि ‘बी’ ही प्रकारांची नावे त्यांनी मुद्दाम पुढे चालवली.

आज संध्याकाळी आठवीतल्या भाच्याला झीरो बोर्डावर एक एलईडी आणि ३३० ओहमचा रोध जोडायला दिला. पायथन या प्रोग्रॅमच्या भाषेतील पाच ओळींत दिवा लुकलुकला. त्यानंतर त्याने न सांगता कालावधी बदलून पाहिला, रोधाऐवजी थेट जोडले तर काय होईल असे विचारले, आणि ओहमचा नियम त्याला तेथेच, दिव्यापाशी, समजावून सांगता आला. शाळेच्या पुस्तकात हा नियम त्याला पुढे येणार आहे.

१० मार्च

दोन्ही बोर्ड आता एकमेकांशी बोलतात. त्यासाठी एमक्यूटीटी ही उपकरणांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवण्याची पद्धत वापरली. तेलवाहिन्यांवरचे आकडे उपग्रहामार्गे पाठवण्यासाठी १९९९ मध्ये ती तयार झाली होती. त्या काळी उपग्रहावरचा एकेक अक्षराचा संदेश महाग पडे, म्हणून ती अत्यंत काटकसरीची आहे आणि छोट्या बोर्डांना शोभते. वरचा बोर्ड दर तीस सेकंदांनी पातळी पाठवतो. खालचा बोर्ड पाणी तीस टक्क्यांवर आले की मोटर लावतो आणि पंच्याण्णव टक्क्यांवर बंद करतो.

दोन बंधने घातली आहेत. दोन मिनिटांत वरून निरोप आला नाही तर मोटर बंद. मोटर लागून पाच मिनिटांत पातळी पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे बेचाळीस लिटर, चढली नाही तरी मोटर बंद, कारण मग खालचा हौद कोरडा आहे असे समजायचे. कोरडी मोटर फिरत राहिली तर तिचे सील जळते. ११ फेब्रुवारीचा व्यासाचा हिशेब येथे कामी आला.

२४ मार्च

गेल्या मंगळवारी पहाटे दोन तास वीज नव्हती. आल्यानंतर मोटर दिवसभर लागलीच नाही. आईने स्विच ‘हाताने’ वर फिरवून टाकी भरून घेतली आणि संध्याकाळी मला फोनवर सहज सांगितले. तिचे काम अडले नाही याचे मला फार समाधान वाटले, परंतु कारण शोधणे भागच होते.

कारण घड्याळाचे होते. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या बोर्डांत सेलवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ थांबते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर बोर्ड इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. त्या दिवशी इंटरनेट दुपारपर्यंत आलेच नव्हते. वरच्या बोर्डाने आपल्या निरोपांवर पहाटेचीच वेळ घातली, खालच्याची वेळ आणखी निराळी होती, आणि निरोप शिळा आहे असे समजून खालच्याने मोटर लावली नाही. चूक सुरक्षित बाजूला झाली. उलट बाजूला झाली असती तर फ्लोट स्विच होताच.

दोन्ही बोर्डांना डीएस३२३१ हे घड्याळ लावले. त्यात नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बसतो आणि ते वर्षाला मिनिटभराहून फारसे चुकत नाही. शिवाय प्रत्येक निरोपाला आता क्रमांक दिला आहे, त्यामुळे निरोप नवा की जुना हे ठरवायला घड्याळावर विसंबावे लागत नाही.

दुसरी हानी मेमरी कार्डाची झाली. लिहीत असताना वीज गेली की कार्डावरच्या फायली अर्धवट राहतात, आणि पुढे तपासताना खालच्या बोर्डाचे कार्ड सुरूच होईना. नवे कार्ड भरायला तासभरच लागला, कारण सगळी मांडणी मी वहीत उतरवून ठेवली होती. वरच्या बोर्डावर आता कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवले आहे. प्रणालीच्या मांडणीतच तशी सोय आहे, आणि होणारे सर्व बदल मेमरीत राहून वीज गेली की नाहीसे होतात. पातळी मोजणाऱ्या बोर्डाला जपून ठेवण्यासारखे काही नसतेच. खालच्या बोर्डाचे कार्ड काढून टाकले आणि तो यूएसबीवरच्या एसएसडीवरून (फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून) सुरू होईल असे केले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर बहिणीने आणि मी फोटो स्कॅन करायला घेतले. जुना स्कॅनर, ज्याला लॅपटॉपची नवी प्रणाली ओळखत नव्हती, तो लिनक्सने विनातक्रार ओळखला. त्याच्याबरोबरचा प्रिंटरही आता घरातल्या कोणत्याही मोबाइलवरून चालतो.

चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला सहाशे ठिपक्यांनी घेतला की २४०० बाय ३६०० ठिपके होतात आणि दाबून लहान न केलेली फाईल सुमारे २६ मेगाबाइटची होते. पुराचे डाग पडलेल्या फोटोंना एवढे बारकावे हवेतच, कारण डाग आणि चेहरा यांच्या सीमेवर पुढे काम करता येईल. एका फोटोत आयर्विन पुलाच्या कठड्यापाशी वडील सायकल धरून उभे आहेत; त्याचा खालचा कोपरा चिखलाने खाल्ला आहे, सायकलचे मागचे चाक गेले आहे, पण चेहरा स्वच्छ राहिला आहे. आईने तो स्कॅन पडद्यावर मोठा करून पाहिला आणि सायकलीच्या दांड्याला बांधलेली पिशवी ओळखली. कागदावरच्या फोटोत ती दिसतसुद्धा नव्हती.

एका दिवसात एकशे चाळीस झाले.

२१ एप्रिल

फोटोंच्या प्रतींविषयी. खालच्या बोर्डाच्या एसएसडीवर मूळ प्रत आहे आणि घरातले सगळे मोबाइल व लॅपटॉप ती एका सामायिक फोल्डरासारखी पाहू शकतात. दुसरी डिस्क लावून त्याच घरात दुसरी प्रत ठेवणे सोपे होते, पण २०१९ मध्ये अल्बमही घरातच होते. एका छताखालच्या दोन प्रतींना मी दोन प्रती मानत नाही. म्हणून मिरजेला बहिणीच्या घरी आणखी एक झीरो बोर्ड आणि त्याला एक डिस्क ठेवली. रोज रात्री दोन वाजता नव्या फायली तिकडे जातात. मूळ फाईल चुकून पुसली गेली तर तिकडची प्रत लगेच पुसली जाऊ नये म्हणून तेथे पुसलेल्या फायली नव्वद दिवस बाजूला राहतात.

डिस्क निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाय ४ आपल्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतो. फिरती हार्ड डिस्क सुरू होतानाच जवळजवळ तेवढा ओढते, म्हणून येथे एसएसडी आणि मिरजेला स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क.

सर्व घराच्या इंटरनेटवरील जाहिराती याच बोर्डावरून गाळण्याची सोय लोकप्रिय आहे, आणि मी ती दोन दिवस लावूनही पाहिली. ती उत्तम चालते. तरी काढून टाकली, कारण मग प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता या बोर्डालाच विचारला जातो, आणि बोर्ड बंद पडला की आईचा व्हिडिओ कॉलही बंद. विश्रामबागेतल्या माझ्या घरी, जेथे मी समोर असतो, तेथे ती लावणार आहे. टीव्हीला जोडून चित्रपट पाहण्याचा उपयोगही चांगला आहे. फक्त त्यासाठी बोर्ड स्वतंत्र असावा.

५ मे

जिन्यापाशी आईसाठी छोटा पडदा बसवायचा होता. दोन ओळींचा निळा एलसीडी स्वस्त आहे, पण त्यात इंग्रजी आणि काही जपानी अक्षरे कायमची कोरलेली असतात आणि स्वतःची अक्षरे फक्त आठ घालता येतात. आठ चिन्हांत देवनागरी कशी बसणार? म्हणून १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओलेड पडदा घेतला, ज्यावर अक्षरे चित्र म्हणून काढता येतात. घड्याळ ज्या दोन तारांवर आहे त्याच दोन तारांवर तोही बसला, कारण त्या मार्गावर प्रत्येक उपकरणाला आपापला क्रमांक असतो.

पहिल्या वेळी ‘मिनिटे’ हा शब्द फार विचित्र उमटला: पहिली वेलांटी ‘म’च्या पुढे आणि ‘न’च्या आधी अधांतरी. ‘टक्के’मध्ये जोडाक्षर न होता ‘क’खाली पाय मोडलेला दिसे. अक्षरे लिहिलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडली तर देवनागरी अशीच मोडते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी, ही गोष्ट वेगळ्या जुळणीकारालाच शिकवावी लागते. पायथनच्या चित्र काढणाऱ्या लायब्ररीला राक्म नावाचा तो जुळणीकार जोडता येतो. तो बसवला, नोटो देवनागरी टंक (फॉन्ट) दिला, आणि पडद्यावर नीट उमटले: ‘टाकी ७२ टक्के’. आपल्या लिपीसाठी हे सगळे फुकट आणि खुले उपलब्ध आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आईने चष्म्याशिवाय वाचता यावे म्हणून दुसरी ओळ काढून टाकून अक्षर मोठे करायला सांगितले. केले.

१९ मे

उन्हाळ्याने दोन गोष्टी दाखवल्या. दुपारी टाकी तीन सेंटिमीटर भरलेली दिसे आणि संध्याकाळी तेवढीच उतरे, कोणी नळ सोडला नसताना. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटर. काळ्या टाकीच्या आत दुपारी ४० अंश होतात, मग वेग ३५५ होतो आणि प्रतिध्वनी लवकर परततो. वीस अंशांचा हिशेब धरला तर मीटरभर अंतरात साडेतीन सेंटिमीटरची चूक येते. झाकणाखाली डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोडला आणि वेग दर वेळी नव्याने काढायला लावला. या सेन्सरला तीन तारा आणि ४.७ किलोओहमचा एक रोध, एवढेच लागते. एकदा त्याने पहाटे पाच वाजता बरोबर ८५ अंश सांगितले. मोजमाप पूर्ण होण्याआधी त्याची वीज हलली की तो हा आरंभीचा आकडाच परत देतो. आता ८५ आला की प्रोग्रॅम तो टाकून देतो आणि पुन्हा मोजतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. वरच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या बोर्डाचा प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत गेला. ८० ला तो स्वतःचा वेग कमी करू लागतो. डबा काढला, बोर्ड उत्तरेच्या भिंतीला लाकडी फळीवर उभा लावला, कारण उभ्या पट्टीजवळून हवा वर सरकते. पंखा न लावताच ६४ वर आला.

२ जून

पावसाळ्यापूर्वीची तपासणी. खालच्या बोर्डाची फळी पहिल्या मजल्याच्या जमिनीपासून पाच फुटांवर नेली. मिरजेहून वीस फोटो परत मागवून मूळ फायलींशी ठिपक्या-ठिपक्याने जुळवले, सर्व जुळले. स्कॅन झालेले फोटो आता चारशे बारा आहेत. ओले असताना काचेला चिकटलेले सात फोटो तसेच काचेसकट स्कॅन केले आहेत.

मग आईच्या देखत दोन्ही बोर्डांची वीज काढून घेतली. पडदा काळा झाला. तिने स्विच ‘हाताने’ वर फिरवला, आपले बटण दाबले, आणि आम्ही दोघे जिन्यात बसून राहिलो. बावीस मिनिटांनी फ्लोट उलटला, कॉन्टॅक्टर खाडकन सुटला आणि मोटर थांबली. टाकी वाहिली नाही. आईने स्विच परत ‘आपोआप’ वर नेला आणि बोर्ड सुरू करायला सांगितले. पडद्यावर ‘टाकी ९६ टक्के’ आले.

राहिलेले काम: फ्लोटच्या तारेचा गच्चीवरचा जोड उघडा आहे, त्यावर पावसाआधी सीलबंद डबी बसवायची. वायरमन बुधवारी येणार आहेत.